जकार्तात घरचा ड्रायव्हर नेमताना काय काय ठरवून घ्यावे?

वाटसरू:
नमस्कार. यजमानांच्या बदलीमुळे आम्ही लवकरच जकार्ताला राहायला जात आहोत. गाडी कंपनीची आहे. मात्र परदेशी कर्मचाऱ्याने ती स्वतः चालवू नये असा कंपनीचा दंडक असल्याने ड्रायव्हर आम्हालाच शोधून नेमायचा आहे. मुलीची शाळा, यजमानांचे कार्यालय आणि माझी बाहेरची कामे अशी तिघांची ये-जा एकाच माणसाच्या भरवशावर राहणार आहे. तेव्हा पगाराखेरीज आधी काय बोलून घ्यावे आणि कोणती कागदपत्रे पाहावीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सोनचाफा:
पगाराचा आकडा शेजारीपाजारी विचारून कळतो; वाद होतात ते वेळेवरून. तुम्ही मॉलमध्ये असताना तो तळघरातल्या पार्किंगमध्ये ताटकळत बसतो, तोही कामाचाच वेळ असतो आणि मालकांना नेमका त्याचाच विसर पडतो. म्हणून कामाचे तास, त्यापुढच्या प्रत्येक तासाचा ‘लेंबुर’ म्हणजे जादा कामाचा मोबदला, जेवणाचे पैसे आणि बाहेरगावच्या मुक्कामाचा भत्ता हे सारे इंडोनेशियन भाषेत लिहून दोघांनीही सह्या कराव्यात. आमच्या गाडीत एक वही असते. ड्रायव्हर रोज येण्याची व सुटण्याची वेळ तिच्यात लिहितो आणि शेजारी मी सही करते, त्यामुळे महिनाअखेरीस हिशेबावरून बोलाचाली होत नाही.

ईदपूर्वी द्यायचा ‘टीएचआर’ हा सणाचा भत्ता मात्र बक्षीस समजू नये. वर्षभर काम झालेल्यास एक महिन्याचा पगार आणि त्याहून कमी काम झाले असल्यास त्या प्रमाणात रक्कम, तीही सणाच्या किमान सात दिवस आधी, असा २०१६ चा सरकारी नियम कंपन्यांना लागू आहे. घरकामाच्या माणसांनाही लोक सहसा याच हिशेबाने देतात. त्यानंतर तो गावी जाईल आणि लगेच परतणार नाही, हे गृहीत धरूनच त्या दिवसांतले बेत आखावेत.

उंटावरचा_शहाणा:
वहीची कल्पना उत्तम. कागदपत्रांविषयी मी लिहितो. त्याचे ओळखपत्र, म्हणजे ‘केटीपी’, आणि मोटारीचा ‘सिम ए’ परवाना मूळ प्रतीत पाहा. परवान्याची मुदत पाच वर्षांची असते, तेव्हा त्यावरची तारीख वाचल्याशिवाय होकार देऊ नका. गाडीचे नोंदणीपत्र, ‘एसटीएनके’, गाडीतच लागते. मालकीचे पुस्तक, ‘बीपीकेबी’, मात्र गाडीत कधीही ठेवू नये.

सम-विषम क्रमांकांचा नियमही आधी समजून घ्या. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ ते रात्री ९ या वेळांत ठरावीक रस्त्यांवर तारखेशी न जुळणाऱ्या क्रमांकाची गाडी नेल्यास पाच लाख रुपियांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळा किंवा कार्यालय अशा रस्त्यावर असेल, तर एक दिवसाआड अडचण ठरलेली. मग लांबचा रस्ता घ्यायचा की टॅक्सी, याचा निर्णय ड्रायव्हरवर ढकलून त्यालाच दोष देण्याची सवय पुष्कळांना असते. तो निर्णय तुम्हीच घ्यावा आणि दंड कोणी भरायचा तेही त्या करारात यावे.

माजघर:
वरील दोघांशी सहमत आहे, परंतु मूळ बेतच मला पटत नाही. तिघांचा सकाळचा प्रवास एका माणसावर सोपवला, तर तो आजारी पडताच अख्खे घर अडते. मुलीसाठी शाळेची बस मिळत असल्यास ती घ्यावी आणि टॅक्सीचे अ‍ॅप पहिल्या दिवसापासून वापरात ठेवावे.

आणखी एक गोष्ट, जी करारात सहसा येत नाही. ड्रायव्हर मुस्लिम असल्यास शुक्रवारी दुपारी नमाजासाठी त्याला मोकळीक ठेवा. रमजानमध्ये उपवास सोडण्याची वेळ संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे ऐन वाहतूक कोंडीत येते. त्या महिन्यात गाडीत पाण्याची बाटली व खजूर असू द्यावेत आणि तो गाडी बाजूला घेतो म्हणाल्यास घेऊ द्यावी. हाक मारताना नावाआधी ‘पाक’ हे आदरार्थी संबोधन लावण्यास मुलीलाही सांगा.

वाटसरू:
सर्वांची आभारी आहे. शाळेच्या बसची चौकशी आजच करते. कराराचा मसुदा मराठीत लिहून तिथल्या एका परिचितांकडून इंडोनेशियनमध्ये उतरवून घेईन. सोनचाफा, जादा तासांचा दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी वेगळा ठेवता का?

सोनचाफा:
होय, वेगळाच आणि अधिक. शिवाय रविवारी बोलवायचे असल्यास शुक्रवारपर्यंत कळवायचे, असेही आम्ही लिहून ठेवले आहे.