व्हीएफडी (हवेच्या गरजेप्रमाणे मोटरचा स्पीड बदलणारा) कॉम्प्रेसर आत्ता घेऊ नये असं माझं मत आहे. पटतंय का?

भोसरीचा फिटर
आमच्या मालकांच्या डोक्यात व्हीएफडी कॉम्प्रेसर बसलाय. विक्रेता दोनदा चहा पिऊन गेला. मी म्हटलं, थांबा. परवा गुरुवारची सुट्टी, सगळी मशिनं बंद. आमचा ३७ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर एकटाच चालू केला आणि घड्याळ घेऊन बसलो. २ मिनिटं लोड (हवा भरतोय), ४ मिनिटं अनलोड (नुसताच फिरतोय). हवा वापरणारं कुणीच नसताना ३३ टक्के हवा भोकांतून चाललेली! २३० सीएफएममधले (मिनिटाला घनफूट हवा) ७५ च्या वर. साबणाचं पाणी घेऊन फिरलो. मेन लाइन ठीक होती. लिकेज सगळं शेवटच्या दहा फुटांत: पीयू नळ्यांची पुश फिटिंगं, कपलर, एफआरएलचे (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) बाउल, अर्धवट उघडे ड्रेन कॉक. पाच-सहा हजारांच्या सामानात १४ टक्क्यांवर आणलं. ४४ सीएफएम, म्हणजे ७ किलोवॅट वाचले. मग लाखांचं मशिन कशाला?

हिशोबी
७ कुठून आणले? तुमचा स्क्रू लोड-अनलोडवाला. अनलोडला तो झोपत नाही, १२ किलोवॅट खातोच. लिकेज थांबलं म्हणजे तेवढा वेळ तो ३७ ऐवजी १२ वर फिरला. फरक २५, त्याचे १९ टक्के (३३ वजा १४). पावणेपाच! उरलेली वीज व्हीएफडीशिवाय हाती लागत नाही. शिवाय लिकेज काढणं म्हणजे घर झाडणं. आज काढलं, दिवाळीपर्यंत परत तेच.

रात्रपाळी मेंटेनन्स
झाडावं रोजच लागतं हो, म्हणून कुणी नवा फ्लॅट घेतं का? 😀 माझं म्हणणं, आधी प्रेशर बघा. सगळ्यांनी ८ बार लावून ठेवलाय, का ते कुणालाच माहीत नाही. १ बार उतरवला की ६-७ टक्के वीज कमी, त्याच भोकातून हवाही कमी जाते. आम्ही साडेसहावर आणलं. काही अडलं नाही.

व्हीएमसी ऑपरेटर
'काही अडलं नाही' हे ऑफिसातून दिसतं. आमच्याकडे असंच उतरवलं, तर लाइनच्या टोकाच्या मशिनला टूल चेंज होतानाच लो प्रेशर अलार्म. मशिनवरचा जॉब खराब झाला, बोलणी मी खाल्ली. तिसऱ्या दिवशी गुपचूप परत ८ केलं.

रात्रपाळी मेंटेनन्स
चूक तुमची नाही. पण टोकाला प्रेशर पोचत नसेल तर चोकलेला फिल्टर बघा, अर्ध्या इंची पाईपवर चार मशिनं लटकवली आहेत का बघा. एका मशिनसाठी अख्ख्या शॉपला ८ बार कशाला?
आणि मे महिन्यात एअर गन शर्टात घालून बसणारे? तो पंखा मालकाला सगळ्यात महाग पडतो, वर अंगालाही धोका.

भोसरीचा फिटर
हिशोबी, पावणेपाच मान्य. ७ मी घाईत लिहिलं. पण मग माझाच मुद्दा पक्का होतो. आधी मशिन घेतलं असतं तर विक्रेत्याने लिकेजसकट मागणी मोजली असती आणि तेवढं मोठं गळ्यात मारलं असतं. गरज कमी झाल्यावर मोठ्या व्हीएफडीला किमान स्पीडही जास्त होतो आणि तो चालू-बंद करत बसतो. फुल लोडला ड्राइव्ह स्वतः ३-४ टक्के खाते ते वेगळंच. आता कदाचित २२ किलोवॅटवर भागेल.

हिशोबी
म्हणजे घ्यायचा आहेच, फक्त लहान! मग शीर्षक बदला. आणि ते १४ टक्के टिकतील यावर माझा विश्वास नाही. तीन महिन्यांनी गुरुवारी परत घड्याळ लावा आणि आकडा इथेच टाका. २० च्या आत असेल तर तुमच्या मालकांना मीच सांगतो, थांबा म्हणून.

भोसरीचा फिटर
ठरलं. शीर्षकात 'आत्ता' लिहिलंय, नीट वाचा.