मदत हवी आहे: गोष्ट ऐकायला आवडते, पण "तू वाच" म्हटलं की पुस्तक मिटतं

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे. ती वर्षाची असल्यापासून मी तिला रोज रात्री गोष्ट वाचून दाखवतो. पानं उलटायचा हक्क तिचा, आवाज काढायचं काम माझं. तीन वर्षांची होती तेव्हा दोन-तीन पुस्तकं तिला इतकी तोंडपाठ होती, की बरोबर जागी पान उलटत ती सगळी गोष्ट आम्हालाच "वाचून" दाखवायची. ही वाचायला भराभर शिकणार असं आम्ही धरूनच चाललो होतो.

आता पहिलीत आहे. मुळाक्षरं येतात, बाराखडी म्हणते, सुटी अक्षरं बहुतेक ओळखते. वाक्य समोर आलं की मात्र अडते. म्हणून तीन-चार महिन्यांपूर्वी मी ठरवलं, की रात्रीच्या गोष्टीतल्या पहिल्या दोन ओळी तिने वाचायच्या आणि पुढचं मी. पहिला आठवडा बरा गेला. मग जांभया, मग पाणी प्यायला उठणं. गेल्या महिन्यापासून तर पुस्तक उघडलं की ती ओळींवर तळहात पसरते आणि म्हणते, "इथलं नको बाबा, तू चित्रातलं सांग." परवा म्हणाली, "आज गोष्टच नको." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला फार लागलं ते. तिची आवडती गोष्ट मीच तिच्यापासून तोडतोय की काय, असं वाटतंय.

नेमकं काय होतं ते लिहितो, म्हणजे जाणकारांना अंदाज येईल. चित्रात पळणारा ससा आहे, खाली "ससा पळाला" असं छापलंय. ती "ससा धावला" असं वाचते, बोट "पळाला"वर ठेवून. मी "नीट बघ" म्हटलं की ती अक्षरांकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघते. "किनारा"मध्ये आधी वेलांटी दिसते, म्हणून "इ... क... नारा" होतं. घ आणि ध, म आणि भ यांची अदलाबदल चालूच असते. आणि "क... म... ळ" असं सुटं वाचून झाल्यावर "मग काय शब्द झाला?" विचारलं तर म्हणते, "मळ". पहिलं अक्षर तोवर निसटून गेलेलं असतं.

बाराखडी रोज लिहून घ्या, असं शाळेतून सांगितलंय. ती लिहिते, पण हात चालत असतो आणि लक्ष दुसरीकडे असतं.

तर रात्री तिला वाचायला लावणं बंद करू का? केलं तर सराव कधी घ्यायचा? हे अंदाजाने वाचणं कसं सुटेल? आणि हे वयाचंच आहे, की कुणाला दाखवायला हवं? तुमच्या घरात जे खरंच उपयोगी पडलं ते कृपया सांगा.

निळी_छत्री

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. हो, आजपासून बंद करा. आमच्या मुलाच्या वेळी मी हीच चूक केली होती. पुस्तक उघडणं म्हणजे आता आपली परीक्षा, हे मुलांना फार लवकर कळतं. तुमच्या लेकीने तळहात ठेवून ते तुम्हाला सांगितलंसुद्धा.

आज रात्री तिला स्पष्ट सांगा, "झोपताना फक्त बाबा वाचणार, तू ऐकायचं." आणि शब्द पाळा. मधेच "हे कुठलं अक्षर गं?" असं चुकूनही विचारू नका. आमच्याकडे विश्वास परत बसायला दोन आठवडे लागले. तोपर्यंत मुलगा प्रत्येक पान उलटलं की माझ्याकडे संशयाने बघायचा.

विचारायचंच असेल तर गोष्टीबद्दल विचारा. "आता हा काय करेल?" "तू असतीस तर दार उघडलं असतंस?" १९८८ मध्ये व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. नुसतं वाचून दाखवण्यापेक्षा मोकळे प्रश्न विचारत, मुलाचं वाक्य थोडं वाढवून त्यालाच परत देत वाचलं, तर लहान मुलांची बोली भाषा जास्त पुढे जाते, असं त्यांना दिसलं. मला ते वाचून हायसं वाटलं, कारण आमच्या घरी गोष्टीपेक्षा गप्पाच जास्त व्हायच्या.

मोकळं_आकाश

मला तर वाटतं एवढी काळजी करूच नका. मूल बोलायला आपोआप शिकतं तसंच वाचायलाही शिकतं. घरात पुस्तकं ठेवा आणि वाट बघा.

फळाखडू

मी बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोकळं_आकाश, तुमची माया कळते, पण बोलणं आणि वाचणं एकसारखं नाही. बोलणाऱ्या माणसांत वाढलेलं मूल बोलायला लागतं. लिपी ही माणसाने अलीकडे बनवलेली गोष्ट आहे, जेमतेम ५००० वर्षांची. ती कुणीतरी शिकवावीच लागते. काही मुलं पटकन उचलतात, म्हणून आपल्याला वाटतं की आपोआप आलं. अडलेल्या मुलाची नुसती वाट बघितली तर ते मागे पडतं, आणि मागे पडलं की त्याला पुस्तक नकोसंच होतं.

दादा, तुमच्या लेकीचं अर्धं काम तुम्ही आधीच केलंय. गॉफ आणि टनमर या दोघांनी १९८६ मध्ये एक साधी मांडणी केली: समजून वाचणं म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. तिची ऐकण्याची बाजू भक्कम आहे. "पळाला"च्या जागी "धावला" म्हणणारं मूल अर्थ धरून बसलेलं आहे, शब्द ओळखणं तेवढं राहिलंय. म्हणून रात्रीचं वाचन तोडू नका, आणि दुसऱ्या बाजूचं काम त्यात मिसळूही नका.

ते काम दिवसा, दहा मिनिटं, ती ताजीतवानी असताना. आणि त्यात चित्र नको. चित्र असलं की डोळा तिकडेच जाणार, यात तिचा दोष नाही. पाटीवर किंवा कागदाच्या पट्टीवर तीन-चार शब्द पुरेत.

"मळ"चं सांगते. तीन आवाज सुटे म्हणायचे आणि शेवटी जोडायचे, हे लहान मुलाच्या डोक्याला जड जातं. पुढचं अक्षर ओळखेपर्यंत मागचं विसरायला होतं. म्हणून साखळीने वाचायचं. "कमळ" लिहा, वर कोरा कागद ठेवा आणि तो हळूहळू उजवीकडे सरकवा. "क" दिसला: क. "म" दिसला: कम. "ळ" दिसला: कमळ. प्रत्येक वेळी सुरुवातीपासून. मागचं अक्षर हातातून सुटतच नाही. वर्गातल्या कितीतरी मुलांची गाडी मी या एका कागदावर सुरू झालेली बघितलीय.

याच्या आधी एक खेळ, पुस्तकाशिवाय, चालता-चालता: "कमळमधला क काढला तर काय उरलं?" "बदकमधला ब काढला तर?" हे कानाने जमत नसेल तर डोळ्याने जमणं अवघड. भेंड्यांचं गाणं किंवा "र पासून शब्द सांग" हेही त्याच कामाचं. मुलांना तो अभ्यास वाटत नाही.

वेलांटीचं: आपल्या लिपीत पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. मोठ्यांना याचं काही वाटत नाही, पण "डावीकडून उजवीकडे वाच" असं आपणच मुलाला सांगितलेलं असतं, आणि ती ते इमानाने पाळतेय. तिला हा अपवाद उघडपणे सांगा. बोट आधी क वर, मग मागे वेलांटीवर, मग म्हण "कि". काही दिवस वेलांटी रंगीत काढा.

बाराखडीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ३४ व्यंजनं आणि बाराखडीतली प्रत्येकाची १२ रूपं धरली तर चारशेच्या वर आकार होतात. ते सगळे एकेक करून पाठ करायचे नसतात, त्यातली रीत पकडायची असते. लेखनाने ती पकडली जात नसेल तर उलटं करून बघा. एकच स्वरचिन्ह घ्या, समजा काना, आणि व्यंजन बदला: का, मा, ला, सा, ना. लगेच शब्द बनवा: काम, मान, साल, नाक. काना म्हणजे काय ते तेव्हा उमगतं. घ-ध आणि म-भ एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं झालं की काही दिवसांनी दुसरं. आणि ध ची गाठ, भ ची गाठ तिच्याकडून बोटाने गिरवून घ्या.

अजून एक, जे सहसा कुणी सांगत नाही. "चार चाकं" हे दोनच शब्द मोठ्याने म्हणून बघा. दोन्ही च वेगळे आहेत, अक्षर एकच. दुनिया या अर्थाचं "जग" आणि "खूप वर्षं जग" मधलं "जग" लिहायला एकसारखं, म्हणायला वेगळं. इथे अक्षरं एका मर्यादेपर्यंतच नेतात, पुढे कानावर पडलेली भाषाच हात देते. म्हणून म्हणते, रात्री वाचत राहा. ती स्वतः वाचायला लागली तरी थांबू नका. कितीतरी वर्षं मुलांना स्वतः वाचून समजतं त्यापेक्षा ऐकून जास्त कळतं.

दोरीची_गाठ

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर थोडं, कारण आमच्या धाकट्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकण्यातली अडचण, आहे.

या वयात अक्षरांची अदलाबदल एवढ्यावरून घाबरू नका. सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुलं करतात. डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं, हा समज चुकीचा आहे. मुख्य अडचण शब्दांतले आवाज वेगळे करण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात असते. आमच्याकडे ठळक काय होतं, तर नियमित, नीट शिकवूनही महिनोन्‌महिने फरक पडत नव्हता, काल आलेला शब्द आज पुन्हा कोरा, यमक जुळवता यायचं नाही, आणि घरात आणखी एका जवळच्या माणसाचंही लहानपणी असंच झालं होतं.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ते सोपं आहे आणि बऱ्याचदा राहून जातं. मग फळाखडू ताईंनी सांगितलंय तसं काही महिने सातत्याने करा आणि रोज तारीख घालून दोन ओळी लिहून ठेवा. तरी गाडी जागची हलली नाही तर तपासणी करून घ्या, त्यात लाज कसली? आम्ही उशीर केला. तो काळ मुलगा स्वतःला "ढ" म्हणायचा, ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. डोळे आणि कान तपासले, दोन्ही उत्तम. "कमळमधला क काढ" हा खेळ पहिल्या दिवशी तिला अजिबात जमला नाही, हे बघून मी चकित झालो. अक्षरं येतात म्हणजे आवाजही वेगळे ऐकू येत असतील, असं मी गृहीत धरलं होतं.

एक शंका, फळाखडू ताई. शब्द चुकला की लगेच सांगू की वाट बघू?

फळाखडू

मनात तीन आकडे मोजा. मुलं बऱ्याचदा स्वतःच दुरुस्त करतात. नाही जमलं तर "नीट बघ" म्हणू नका, त्यातून तिला काहीच कळत नाही. अडलेल्या अक्षरावर बोट ठेवा. तरीही नाही आलं तर शब्द सांगून टाका आणि ते वाक्य पुन्हा सुरुवातीपासून वाचू द्या.

धागाकर्ता

पाच आठवड्यांनी लिहितोय.

रात्री फक्त मीच वाचतो. तळहात ठेवणं दहाव्या-बाराव्या दिवशी थांबलं. दिवसा दहा मिनिटं कागद सरकवतो. कागद आता तीच धरते, मला हात लावू देत नाही. दोन-तीन अक्षरी, काना असलेले शब्द जमतात. वेलांटी रंगीत असली तर जमते, काळी असली तर अजून अडखळते. घ-ध सुटलेलं नाही. वेग फार कमी आहे. चार शब्दांचं वाक्य वाचून होईतो मला श्वास रोखून बसावं लागतं.

पण काल रात्रीचं सांगतो. मी दमलेलो, अर्धवट झोपेत वाचत होतो. ती माझ्या दंडावर डोकं टेकून पुस्तकात बघत होती. मी वाचलं, "मांजर हळू आत आलं." तिने माझा हात थांबवला, एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, हळू नाही. हळूच आहे. हा बघ च."

मी परत वाचलं. हळूच. मग ती "पुढे" म्हणाली.

फळाखडू ताई, जोडाक्षरं कधी सुरू करू? काल तिने स्वतःहून विचारलंय, की "प्राणी"मधल्या प च्या पायाला ती तिरकी रेघ कसली.