मांडीवरची गाठ: लशीचा त्रास आणि आजाराची भीती, तुमच्या घरचं सांगा

आम्ही कोल्हापुरातल्या राजारामपुरीतले. पोरगी दीड महिन्याची झाली तेव्हा सरकारी दवाखान्यात पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरच्या एकत्र लशीचा, पहिला डोस दिला. रात्री मांडीवर सुपारीएवढी गाठ, अंग तापलेलं, पहाटेपर्यंत रडणं. सासूबाई म्हणाल्या, "पुढचं इंजेक्शन नको बाई." दहा आठवड्यांचा डोस येत्या बुधवारी आहे. डांग्या खोकला तान्ह्या बाळाचा श्वास थांबवू शकतो हे मला कळतं, तरी ते रडणं कानातून जात नाही. तुमच्या घरी काय झालं ते लिहा. त्रास झाला असेल तर तो आधी लिहा.

इचलकरंजीचा एक बाबा
आमच्याकडे त्रास खरंच झाला. गोवर-रुबेलाच्या लशीनंतर आठव्या दिवशी ताप चढला आणि लेकाला आकडी आली. डोळे वर, हातपाय ताठ. दोनच मिनिटं, पण बायको अजून तो विषय काढू देत नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं: लशीनंतर अशी आकडी साधारण तीन-चार हजार डोसांमागे एखादी. गोवर झालेल्या पोरांत मात्र हजारात एकाच्या मेंदूला सूज येते. दुसरा डोस दिला, तापाचं औषध उशाशी ठेवून. काही झालं नाही.

गंगावेशीतले आजोबा
चौथीत असताना पिसाळलेलं कुत्रं पोटरीला चावलं. तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, रोज एक. वडील सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. पोट इतकं सुजायचं की चड्डीची नाडी बांधता यायची नाही. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत, आणि क्वचित कुणाला तिच्यानं लकवा व्हायचा. कंपाउंडरनं हे वडलांना सांगितलं होतं. वडील एवढंच म्हणाले, "आणि न टोचता पोरगं उरंल का?" रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. त्या लशीचा त्रास लोकांनी मोजला म्हणूनच ती गेली. 2004 नंतर देशात बनली नाही. गेल्या वर्षी नातवाला रंकाळ्यावर कुत्रं चावलं. दंडात टोचायला चार खेपा झाल्या, पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेत.

शाहूवाडीची आशा कार्यकर्ती
ताई, गाठीवर हळद-तेल चोळू नका, गार पाण्याची घडी ठेवा. तापाचं औषध वजनाप्रमाणं विचारून घ्या. अंगावर पाजत राहा. टोचल्यावर अर्धा तास तिथंच थांबा, मोठी ॲलर्जी बहुधा त्याच वेळात कळते. मागच्या डोसला आकडी आली असती तर आधी डॉक्टरांशी बोला म्हटलं असतं. ताप आणि गाठ यांसाठी डोस चुकवू नका.

फुलेवाडीहून
माझा उजवा पाय पोलिओनं गेला तेव्हा मी दोन वर्षांची होते. पायाला बांधलेल्या आधाराचा, कॅलिपरचा, फरशीवरचा आवाज आईला शेवटपर्यंत सहन झाला नाही. तोंडावाटेच्या थेंबांनीही लाखो डोसांमागे एखाद्याला पोलिओ होऊ शकतो, ते कुणी लपवू नये. 2014 ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, आणि 2015 पासून थेंबांच्या जोडीला इंजेक्शन आलं. तुमच्या लेकीच्या उजव्या दंडात दीड महिन्याला छोटंसं टोचलं असेल बघा. ते तेच.