थेंबात अबोली दिसतेय पण धुरकट, फोकस नेमका कुठं धरायचा?

परसातली_अबोली (खानापूर)
नमस्कार मंडळी. गेले पंधरा दिवस रोज सकाळी परसात गुडघे टेकून बसायलोय, पण फोटो मनासारखा येईना झालाय म्हणून इथं विचारतोय. गवताच्या पात्याला लोंबणारा थेंब आणि त्या थेंबात मागचं फूल, एवढंच पाहिजे. फूल अबोलीचंच हवं, झाड आईनं लावलंय आणि तिला तो फोटो मोठा करून द्यायचाय. कॅमेरा कॅनन १५००डी, किट लेन्स १८-५५, आणि एक्स्टेंशन ट्यूबचा (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे लावायच्या पोकळ नळ्या, त्यानं अगदी जवळनं फोकस होतो) सेट आहे १२, २० आणि ३६ मिमीचा. आधी अळूच्या पानावर करून बघितलं, थेंब मोत्यासारखा गोल बसतो पण आत नुसतं आभाळ चमकतं, फूल काही दिसत नाही, आणि जरा वारा आला की अळवावरचं पाणीच ते, घरंगळून जातं. मग गवतावर आलो. आता थेंबात केशरी काहीतरी दिसतंय, पण थेंबाची कड शार्प आली की फूल धुरकट, म्हणून कॅमेरा अजून पुढं सरकवतो तर सगळंच जातं. एफ ५.६ ला (हा लेन्सच्या उघडझापीचा आकडा, जितका मोठा तितकं तोंड लहान) काढतोय. आणि फूल उलटं येतंय ते कशानं? कुणी हे केलं असेल तर सांगा की.

टिळकवाडी_मॅक्रो
दादा, उलटं येणारच, थेंब म्हणजे भिंग आहे. आणि तुमची खरी अडचण अशी की तुम्हाला वाटतंय फूल थेंबाच्या आत किंवा मागं आहे, म्हणून तुम्ही कॅमेरा पुढं नेताय. उलट करा. गोल थेंबातनं मागच्या फुलाची प्रतिमा तयार होते ती थेंबाच्या अलीकडं, म्हणजे तुमच्या बाजूला, हवेत. पाण्याचा वक्रीभवनांक, म्हणजे पाणी प्रकाश किती वळवतं तो आकडा, १.३३ धरला तर ती थेंबाच्या मध्यापासून साधारण एक व्यास पुढं येते. थेंब ३ मिमीचा असेल तर ३ मिमी अलीकडं. त्यामुळं कड शार्प झाली की तिथनं कॅमेरा हळूहळू मागं घ्या, केशरी डाग आपोआप पाकळ्या होऊन उघडतो बघा. मला हे कळायला एक अख्खा हिवाळा गेलाय.

फोकस रिंगला हात लावू नका, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) १० पट झूम करून कॅमेराच मागंपुढं सरकवा. २० आणि ३६ ची ट्यूब लावून लेन्स ५५ वर ठेवलीत की जवळजवळ १:१ मिळतं, म्हणजे वस्तू सेन्सरवर आहे तेवढीच उमटते. तिथं एफ ८ ला शार्प पट्टा जेमतेम अर्धा-पाऊण मिमी असतो, म्हणून कड आणि फूल दोन्ही एका फोटोत शार्प मिळणं अवघड आहे, त्याच्या नादाला लागूच नका. फूल शार्प ठेवा, कड थोडी मऊ झाली तरी नजर फुलावरच जाते. अ‍ॅपर्चर (तोच एफचा आकडा) ८ ते ११, त्याच्या वर नेलं की एवढ्या जवळनं सगळाच फोटो मऊ पडायला लागतो.

अळूचं म्हणाल तर पान अपारदर्शक आहे, मागनं उजेड येणार कुठनं? थेंब लोंबता पाहिजे आणि फूल बरोबर त्याच्या पाठीमागं. अबोली ३ सेंमीच्या आसपास रुंद असते, ती थेंबापासून ५ सेंमीवर ठेवली तर आतली प्रतिमा २ मिमीची होते, ३ मिमीच्या थेंबात छान मावते. झेंडू किंवा जास्वंद घेणार असाल तर १० सेंमीच्या मागं न्यावं लागतं, नाहीतर थेंबात नुसता रंग भरतो, फुलाचा आकार कळत नाही.

निपाणीकर
वरचं सगळं बरोबर, पण वाऱ्यात हे करण्यापेक्षा घरातच करा असं माझं मत. मेडिकलमधनं ग्लिसरीनची बाटली आणि इन्सुलिनची सिरिंज आणा, ग्लिसरीन आणि पाणी निम्मं निम्मं मिसळा आणि पात्याला सुईनं थेंब लावा. तो लवकर वाळत नाही आणि लवकर पडतही नाही. शिवाय ग्लिसरीनमुळं प्रकाश जास्त वळतो त्यामुळं आतलं फूल थेंबाच्या थोडं जवळ येतं, कड आणि फूल यांच्यातलं अंतर कमी होतं. थेंब ३ मिमीच्या वर नेऊ नका, जड झाला की पेरूसारखा लांबतो आणि फूलही ताणल्यासारखं दिसतं. फुलावर उजेड पाडा, थेंबावर नाही. मी खिडकीशी थर्माकोलचा तुकडा धरून उजेड फुलाकडं वळवतो. अजून एक, घरात वारा नसला की कॅमेरा थोडा थोडा सरकवत सात-आठ फोटो काढून ते जोडता येतात, मग कडही शार्प मिळते.

जांबोटीचं_धुकं
ग्लिसरीन मला पटत नाही. घरात तोडून आणलेल्या पात्यावर वापरा, पण झाडावर, फुलावर फवारू नका एवढीच विनंती, ते चिकट राहतं, मुंग्या लागतात.

आणि दादा, गवताच्या टोकाला सकाळी जो एकच टपोरा थेंब असतो ना तो बऱ्याचदा दव नसतोच. रात्री मुळातनं वर आलेलं पाणी पातं स्वतःच टोकातनं बाहेर टाकतं. दव म्हणजे पात्यावर सगळीकडं बसलेली बारीक मोहरी. तुम्हाला पाहिजे तो टोकाचा. आदल्या दिवशी संध्याकाळी गवताला भरपूर पाणी द्या, जमीन ओली आणि रात्र थंड, वारा पडलेला असली की पहाटे हमखास मिळतो. आमच्याकडं डिसेंबरात सूर्य डोंगराआडनं उशिरा वर येतो त्यामुळं साडेसातपर्यंत वेळ मिळतो. अबोलीचं झाड हलवता येणार नाही, पण गवत कुंडीत लावून ती कुंडी फुलासमोर नेता येते की. मी तसंच करते. कुंडीच्या दोन बाजूंना पुठ्ठा उभा केला की वाराही अडतो.

परसातली_अबोली (खानापूर)
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं कुंडीचं ऐकलं, तीन दिवसांपूर्वी दूर्वा कुंडीत लावल्या, काल संध्याकाळी पाणी घातलं आणि आज पावणेसातला टोकाला थेंब होता. कड शार्प केली, मग श्वास धरून कॅमेरा मागं घेतला आणि खरंच, एका जागी पाकळ्या उघडल्या! अबोलीच्या पाकळ्या सगळ्या एकाच बाजूला खाली पंख्यासारख्या पसरलेल्या असतात, थेंबात तोच पंखा वर उघडलेला, आणि पाकळीवरच्या शिरासुद्धा दिसतात. एफ ११ ला २३ फोटो काढले, त्यातले दोन चांगले आलेत. आईला स्क्रीनवर दाखवला तर म्हणाली अबोलीनं मान वर केलीय. त्यामुळं आता फिरवून सरळ करत नाही, तसाच ठेवणार. फक्त एक सांगा, १२ बाय १८ इंचाची प्रिंट येईल का ह्यातनं?

टिळकवाडी_मॅक्रो
येईल की. १५००डीचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो, १८ इंचाला ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, ५४०० पुरतात. फक्त क्रॉप करू नका, थेंब फ्रेममध्ये लहान दिसतोय म्हणून कापायचा मोह होतो पण भोवतीची दूर्वा राहू दे. आणि मॅट पेपरवर काढा, ग्लॉसीवर घरातला बल्ब नेमका थेंबावरच चमकतो.