अण्णांच्या गोळ्या वाढायल्यात तरी चक्कर काही जाईना, काय करावं?

काळी_माती: नमस्कार मंडळी. आमचे अण्णा ७६ वर्षांचे, गाव परभणी जिल्ह्यात. बीपी-शुगर जुनीच, मागल्या वर्षीपासून प्रोस्टेटची टॅमसुलोसिन चालू. माणूस एकदम खडखडीत होता. उन्हाळ्यात बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन वाढवली तर पायावर सूज आली, सुजेसाठी लघवीची गोळी दिली, मग रात्रभर उठबस, झोपच नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरनं झोपेची गोळी लिहिली, आता चक्कर यायली तर तिसऱ्यानं चकरेची. परवा रात्री मोरीकडं जाताना पडले, हाड वाचलं पण कपाळाला टाके पडले. आन् रात्री मधेच उठून म्हणतात बैल सोडा, पाण्याला न्यायचेत. बैल विकून जमाना झाला. एक जण म्हणायलेत डोक्याचा एमआरआय काढा, मोठा भाऊ म्हणतो वय झालंय, चालायचंच. काय करावं?

शांताराम_नांदेड: भाऊचं बरोबर आहे, सत्तरीनंतर असं होतंच. आमच्या आजीचंही तसंच होतं. उगं मोठ्या दवाखान्यात नेऊन हाल करू नका.

डॉक्टर_लातूरवाले: शांतारामभाऊ, वयानं माणूस हळू होतो, पण चार-सहा महिन्यांत खडखडीत माणूस बरळायला लागला तर त्याला कारण असतं आणि ते शोधावं लागतं. काळी_माती दादा, पेशंट न बघता खात्रीनं सांगणार नाही, पण तुम्ही लिहिलेला क्रमच बघा, प्रत्येक नवीन गोळी आधीच्या गोळीच्या त्रासावर दिलेली दिसतेय. अ‍ॅम्लोडिपिनची सूज अंगात पाणी जास्त झाल्यामुळं नसते, बारीक रक्तवाहिन्या सैल होतात म्हणून पाय सुजतात, त्यामुळं लघवीच्या गोळीनं ती फारशी उतरत नाही, उलट अंगातलं पाणी आणि सोडियम-पोटॅशियम कमी होतं. त्यात टॅमसुलोसिननं उभं राहिल्यावर बीपी अजून पडतो. झोपेच्या गोळीनं म्हातारी माणसं रात्री गोंधळतात, पडतात. चकरेची गोळी सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन असेल तर तीही जास्त दिवस चालवायची नसते, हात थरथरणं, अंग ताठणं, पाय ओढत चालणं सुरू होतं आणि मग कुणीतरी कंपवाताची गोळी लिहून देतो!

बीपी पाच मिनिटं झोपवून बघा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी, जवळ एक माणूस धरायला ठेवा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं पडला तर चकरेचं कारण बहुतेक तेच. सोबत सोडियम, पोटॅशियम, किडनीचं क्रिएटिनिन, लघवी तपासा. एमआरआयची घाई नाही, पण डोक्याला मार लागलाय म्हणून सीटी स्कॅनचं मात्र डॉक्टरांना आजच विचारा. या वयात रक्त हळूहळू साचतं, कधी दोन-तीन आठवड्यांनी कळतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, उलटी, जास्त गुंगी, एका बाजूची ताकद कमी असं काही दिसलं तर थांबूच नका. आणि झोपेची गोळी स्वतःहून एकदम बंद करायची नाही.

मेडिकलवाला_जालना: सरांनी सगळं सांगितलंच. मी काउंटरवरून सांगतो, घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घाला, गुडघ्याच्या, सर्दीच्या, चूर्णं, सगळ्या, आणि एकाच डॉक्टरपुढं ओता. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावानं खाणारी म्हातारी रोज बघतो. दुखण्याच्या गोळीनं बीपी वाढतो, किडनीला मार बसतो, आन् प्रोस्टेटवाल्यानं सर्दीची गोळी मनानं घेतली तर लघवी तुंबते. हे चिठ्ठीत नसतं म्हणून डॉक्टरला कळतच नाही.

गोदाकाठची_सून: दादा, शुगरची गोळी कोणतीय? आमच्या सासऱ्यांना ग्लिमेपिराइड होती, रात्री भाकर कमी खायचे, पहाटे घामाघूम होऊन काहीबाही बोलायचे, ग्लुकोमीटर लावला तर शुगर ५८, म्हणजे फारच कमी. या वयात एवढी कडक शुगर ठेवायचीच नसते म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलली. संभाजीनगरला घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळा विभाग आहे, तिथं दाखवा. एसटी ७५ च्या वर फुकटच आहे. आन् मोरीच्या वाटेवर रात्री बल्ब चालू ठेवा, पलंगाजवळ लघवीचं भांडं ठेवा, तेवढ्यानंही पडणं वाचतं.

काळी_माती: सगळ्यांचे आभार. सीटी काढला, रक्त नाही. बीपी झोपून १४४/८२, उभं राहून तीन मिनिटांनी ११२/७०. सोडियमही कमी निघालंय. पिशवी नेली तर डॉक्टर म्हणाले हे सगळं एकट्या माणसाला? लघवीची आन् चकरेची बंद केली, अ‍ॅम्लोडिपिन कमी केली, झोपेची हळूहळू उतरवायची. आता भांडण एकाच गोष्टीवर, अण्णा माळकरी, एकादशी सोडत नाहीत आन् ग्लिमेपिराइड त्यांनाही चालूच आहे.

डॉक्टर_लातूरवाले: सोडियम चार-पाच दिवसांनी परत बघून घ्या. एकादशीला भांडू नका. पण उपवासाच्या दिवशी रोजचा डोस तसाच द्यायचा नाही, तो कमी करायचा का त्या दिवशी टाळायचा हे चिठ्ठीवर लिहूनच घ्या, आणि संध्याकाळी एकदा शुगर बघा. घाम, थरथर सुटली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, तिथं उपवास बघायचा नाही.

काळी_माती: साखर उपासाला चालते सर, तेवढं तरी ऐकतील.