सुतारकामाचे टेबल रंधा मारताना हलते. बाभळीचे नवे टेबल करण्याबाबत सल्ला हवा आहे

जाणकारांना नमस्कार. मी परभणी जिल्ह्यात राहतो आणि गाडी लावण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकामासाठी ५ फूट लांब, २ फूट रुंद आणि मनगटाच्या उंचीला येईल असे, म्हणजे साधारण ३४ इंच उंचीचे, भक्कम टेबल करू इच्छितो.

गेल्या वर्षी कडुनिंबाच्या फळ्यांचे एक टेबल केले होते. लाकूड वरून कोरडे वाटत होते, पण मे महिन्यात पत्र्याखालच्या उष्णतेने मधली फळी अशी उलली की चिरेत पटाशीचे पाते सहज जाऊ लागले. चूक माझीच होती. लाकूड रुंदीत आक्रसते, लांबीत जवळजवळ नाही. तरीही मी फळ्या आडव्या पट्ट्यांना दोन्ही कडांनी स्क्रूने जखडून टाकल्या होत्या. आता स्क्रूची भोके रुंदीच्या दिशेने लांबट ठेवणार आहे.

खरी अडचण हलण्याची आहे. आडवे ढकलले तर टेबल जागचे हलत नाही, परंतु रंध्याचा जोर लांबीच्या दिशेने येतो आणि प्रत्येक रेट्याला चारही पाय किंचित कलून पुन्हा सरळ होतात; त्या झटक्याने रंधा मध्येच उसळतो आणि फळीवर लाटा उमटतात.

या वेळी शेतातली वादळात पडलेली बाभूळ फाडून ४ इंच चौरस पाय आणि २ इंच जाडीच्या फळ्या काढल्या आहेत. सावलीत, थरांमध्ये पट्ट्या घालून आणि टोकांना रंग फासून त्या आठ महिने रचून ठेवल्या आहेत. आमच्या गावचे सुतारकाका औताचे लाकूड किडू नये म्हणून आधी काही महिने विहिरीत बुडवून ठेवत, पण आमच्या विहिरीला तेव्हा पाणीच नव्हते. त्यामुळे पांढरट भाग काढून टाकून फक्त तांबूस गाभा वापरण्याचा विचार आहे.

पायांना तळापासून ६ इंचांवर लांबीच्या दिशेने रुंद आडवी पट्टी द्यायची हे ठरले आहे. तिचे कुसू (पायाच्या खाचेत बसणारे कोरलेले टोक) पायातून आरपार काढून बाहेरून पाचर ठोकावी, की नटबोल्टने आवळावी? लाकूड पुढे आणखी वाळणार असल्याने पुन्हा घट्ट करता येईल असा सांधा मला हवा आहे, आणि बाभळीत पाचरीने कुसू चिरण्याचे भय वाटते. इंचाला एक वर्ष असा वाळवण्याचा ढोबळ हिशेब धरला तर फळ्या अजून कच्च्याच आहेत. म्हणून वरचा भाग तूर्त १८ मिलिमीटरच्या दोन प्लाय एकमेकांवर चिकटवून करावा का? शिकंजा (लाकूड आवळून धरणारी पकड) बसवायचा असल्याने प्लायची कड त्याचा ताण सोसेल का, हे ज्यांनी प्रत्यक्ष वापरून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे.