हेल्थ चेकअपचं पॅकेज घेतलं म्हणजे आजार टळले का?

धागाकर्ता (फॅमिली डॉक्टर)

काहीही त्रास नसताना पन्नास-साठ चाचण्या करून, रिपोर्टात ठळक छापून आलेल्या दोन आकड्यांवर बोट ठेवत "डॉक्टर, हे काय निघालं?" असं विचारणारे लोक आता रोज येतात. त्यांची झोप उडालेली असते. बहुतेकदा निघालेलं काहीच नसतं. लॅबची 'नॉर्मल' मर्यादा साधारणपणे निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांच्या आकड्यांवरून ठरवतात. म्हणजे धडधाकट माणसांपैकी ५ टक्के लोक कुठल्याही चाचणीत त्या मर्यादेबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर निदान एक तरी 'अ‍ॅबनॉर्मल' येण्याची शक्यता ६४ टक्के होते. मग पुन्हा रक्त, मग सोनोग्राफी, मग स्पेशालिस्ट.

आणि त्याच माणसाचं बीपी कित्येक वर्षांत कुणी धड मोजलेलं नसतं. धड म्हणजे काय, तर पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, दंडाच्या मापाचा पट्टा, आणि मोजताना बोलायचं नाही. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी उगाच जास्त दिसतं आणि माणसाच्या मागे नको ती गोळी लागते. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजायचं, तेही राहून जातं.

माझं मत सरळ आहे. मोजक्या, सिद्ध झालेल्या तपासण्या, लसी, तंबाखू सोडवणं आणि ओळखीच्या डॉक्टरकडे नियमित जाणं, प्रतिबंध यातून होतो. सरसकट पॅकेजातून नाही. सर्वसाधारण चेकअपचा उपयोग तपासणाऱ्या १७ अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०१९चा आढावा आहे, त्यात अडीच लाखांच्या आसपास लोक होते. एकूण मृत्यूंमध्ये किंवा कॅन्सरच्या मृत्यूंमध्ये फरक जवळपास दिसला नाही.

प्रतिसाद १ (रुग्णाची मुलगी)

साफ असहमत. माझ्या वडिलांचा मधुमेह अशाच 'सरसकट' चेकअपमध्ये कळला. त्यांना ना तहान, ना थकवा. तुमचं ऐकून ते घरी बसले असते तर डोळ्यांपर्यंत पोचल्यावर कळलं असतं. सरासरी तुमच्याजवळ ठेवा, आम्हाला आमचा एकच बाप आहे.

धागाकर्ता

ताई, वडिलांची साखर वेळेवर कळली हे उत्तमच झालं. पण ती एका साध्या शुगर टेस्टमध्ये कळली, आणि त्या वयात ती तपासणी मी स्वतःहून सांगतो. माझा आक्षेप तिच्यासोबत आलेल्या बाकीच्या चाचण्यांना आहे.

प्रतिसाद २ (अतिदक्षता विभागातला फिजिशियन)

मित्रा, तुझा कॉक्रेनचा दाखला अर्धवट आहे. त्यातले बरेच अभ्यास जुने, आजची औषधं हाताशी नसतानाचे. शिवाय तुलनेसाठीच्या ज्या गटाला चेकअपला बोलावलं नव्हतं, त्यातले लोकही एरवी डॉक्टरकडे जातच होते. मग फरक दिसणार कसा?

माझ्याकडे पक्षाघात होऊन येणाऱ्या कित्येकांना आपल्याला बीपी आहे हेच ठाऊक नसतं. नातेवाईक सांगतात, "कधी डोकंसुद्धा दुखलं नाही हो." अशा लोकांच्या कानावर 'चेकअपचा उपयोग नाही' एवढंच पडतं, पुढचं कुणी ऐकत नाही. त्यांना न जायला निमित्तच हवं असतं. पॅकेजात दहा चाचण्या फालतू असतील, पण त्या निमित्ताने माणूस दारात येतो. मला ते पुरे आहे.

धागाकर्ता

अभ्यास जुने आहेत हे मान्य. पण 'दारात येतो' हे पटत नाही. कोण येतो? जो मुळातच तब्येतीला जपतो तो. ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी १९७१ मध्ये 'व्यस्त सेवेचा नियम' (व्यस्त म्हणजे उलट प्रमाणातली) मांडला. जिथे गरज जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा पोचते कमी, असा त्याचा आशय. स्वतः त्यांनी वेल्समधल्या ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या गावात, माणूस कशासाठीही दवाखान्यात आला तरी बीपी मोजायचं ठेवलं. जे येत नव्हते त्यांचा पाठपुरावा केला. पंचवीस वर्षांच्या कामाचा अहवाल १९९१ मध्ये आला, तेव्हा अकाली मृत्यूंचं प्रमाण शेजारच्या तशाच गावापेक्षा कमी होतं. हाताशी काय होतं? बीपीचं यंत्र, रुग्णांची नोंदवही आणि चिकाटी.

प्रतिसाद ३

लवकर सापडलं तर बिघडलं काय, हे मला अजून कळलेलं नाही. नसेल काही तर नसेल. निश्चिंत तरी होऊ.

धागाकर्ता

बिघडतं. दक्षिण कोरियात कॅन्सर तपासणीच्या कार्यक्रमासोबत जास्तीची म्हणून गळ्याची सोनोग्राफी होऊ लागली. थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३च्या तुलनेत २०११ मध्ये १५ पट झालं, मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. म्हणजे आयुष्यभर त्रास दिला नसता अशा गाठी हजारोंनी काढल्या गेल्या. थायरॉइड पूर्ण काढलेल्याला जन्मभर गोळी, काहींचं कॅल्शियम कायमचं बिघडलं, काहींच्या स्वरतंतूंना इजा झाली. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी जाहीर विरोध केल्यावर शस्त्रक्रिया झपाट्याने घटल्या.

तपासणी कधी करावी याचे निकष विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्येच लिहून ठेवलेत. त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा, की सापडलेल्या आजारावर मान्य उपचार हवा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी त्यात चपखल बसते, कारण कॅन्सर होण्याआधीची अवस्था सापडते आणि काढताही येते. संघटनेच्या शिफारशीनुसार सर्वसाधारणपणे तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) चाचणी पुरते. तीच राहून जाते आणि बायका ट्यूमर मार्करचे (रक्तातून कॅन्सरचा माग काढू पाहणाऱ्या चाचण्यांचे) रिपोर्ट घेऊन येतात, याचा मला खरोखर राग येतो.

प्रतिसाद ४ (परिचारिका)

दोन्ही डॉक्टरांना विचारते, हे सगळं करायला वेळ कुणाकडे आहे? बाहेर रांग लागलेली असते. 'वजन कमी करा, सिगरेट सोडा' एवढं म्हणून पुढचा पेशंट आत येतो. सिगरेट किती, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते, आधी सोडली होती तेव्हा परत का धरली, हे विचारल्याशिवाय ती सुटत नाही. हे प्रश्न मी विचारते, ड्रेसिंग करता करता. पुढच्या आठवड्यात फोन करायचा तर ते काम कुणाच्याच नावावर नसतं. लोक पॅकेजकडे वळतात कारण तिथे रिपोर्ट तरी हातात मिळतो, आपल्याकडे त्यांचं ऐकूनही घेतलं जात नाही.

प्रतिसाद २ (अतिदक्षता विभागातला फिजिशियन)

सिस्टर म्हणतात ते खरं आहे. पण म्हणूनच मी माझ्या मतावर ठाम आहे. पाठपुरावा करणारी माणसं प्रत्येक दवाखान्यात मिळेपर्यंत मी लोकांना चेकअपला जाऊ नका असं सांगणार नाही.

धागाकर्ता

नको सांगूस. 'जाण्याआधी मला विचारा' एवढं सांग. कुठली चाचणी, कशासाठी, आणि वेडंवाकडं आलं तर पुढे काय करणार, हे सुई टोचण्याआधी ठरायला हवं. आणि सिस्टर, तो फोन करायचं काम माझ्या दवाखान्यात कुणाच्या तरी नावावर टाकतो. बीपीच्या रुग्णांपासून सुरुवात करू.